छत्तिसाव्या दिवशी आलेलं पत्र



इथे इस्राएलात कॉलेजातल्या पोरापोरींना एखादी गोष्ट उशिरा उमगली की ती म्हणतात, "नाफाल ली हाअसिमोन", म्हणजे माझा असिमोन पडला. वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. पण असिमोन हातात घेतलेलं त्यातलं कुणी नाही. असिमोन म्हणजे मध्ये भोक असलेलं, फक्त सार्वजनिक टेलिफोनसाठी चालणारं नाणं. ते आत टाकायचं, पलीकडच्याने फोन उचलला की ते खळ्ळकन खाली पडायचं आणि मग बोलणं सुरू. १९९०च्या आसपास टेलिफोनची कार्डं आली आणि असिमोन गेले. भाषेत तेवढे राहिले.

मराठीत तसंच 'तार'चं आहे. "त्याची तार लागली नाही", "कुठे तार जोडली गेली" असं आमची आई अजून म्हणते. आमच्या घरात या शब्दाला आणखी एक कारण आहे: आमचे पणजोबा रेल्वेत तारबाबू होते.

आम्ही दोघी बहिणी ठाण्याच्या. सातवीत आणि पाचवीत असताना, २०१५ साली, आईवडिलांबरोबर इकडे आलो. शाळा मराठी, म्हणून आम्हाला वाचता-लिहिता येतं. आता बेर-शेव्यात शिकतो. थोरलीला गेल्या वर्षी संपर्कमाध्यमांच्या तासाला एक काम मिळालं: घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं की तुमच्या तरुणपणी निरोप कसा पोचायचा. वर्गातल्या बहुतेकांनी फोनवरच दहा मिनिटांत उरकलं. आम्ही दोघी बसने दिमोनाला आत्याआजीकडे गेलो, कारण तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि कारण तिच्याकडे गेलं की सांदणं मिळतात.

आत्याआजी म्हणजे आईची आत्या, आमच्या आजोबांची धाकटी बहीण. ती १९६३ साली नवऱ्याबरोबर इथे आली. दिमोना तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं गाव होतं. तिच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात ठाण्याहून आलेली पत्रं आहेत. आम्ही मोजली, २१२ भरली. जवळजवळ सगळी एअरोग्राम: निळसर पातळ कागद, तीन घड्या, कडेला डिंक. इथे त्याला इगेरेत अवीर म्हणत. एकाच ठरलेल्या दरात जायचं, पण आत काहीही घालायची मनाई, फोटोसुद्धा नाही. त्यामुळे जे काय सांगायचं ते त्या एका कागदावर. आजोबांचं अक्षर पहिल्या पानावर मोठं, दुसऱ्यावर बारीक, आणि डिंकाच्या पट्टीपर्यंत पोचताना मुंगीएवढं. शेवटी समासात उभं लिहिलेलं: "आईने सांगितले आहे, लोणच्याला तेल जास्त घाल."

प्रत्येक पत्राची सुरुवात एकच. "चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल असून तुमची खुशाली कळवावी. पत्र लिहिण्यास कारण की..." आमच्या इस्राएलात जन्मलेल्या मामेभावाला हे वाचून दाखवलं तर तो हसला. म्हणाला, रोज हेच? पण आत्याआजीने सांगितलं की पत्र हातात पडल्यावर ती सगळ्यांत आधी तेवढी एक ओळ शोधायची. 'सर्व खुशाल' असेल तर पत्र पदराला बांधायची आणि काम उरकून निवांत वाचायची.

एका पत्रात ती ओळ नाही.

पणजोबांचं आधी सांगायला हवं. ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत लागले, म्हणजे जी. १९५१ साली मध्य रेल्वे झाली ती. आपल्यातले पुष्कळ लोक तेव्हा रेल्वेत, टपाल-तारखात्यात, पोलिसात, पलटणीत असत. रेवदंडा, पेण, पनवेलकडून तेलाचे घाणे सोडून निघालेल्यांची दुसरी-तिसरी पिढी अशी नोकरीला लागली होती. पणजोबांना मोर्सची टकटक इतकी अंगवळणी पडली होती म्हणे, की निवृत्त झाल्यावरही जेवताना ताटाच्या कडेवर बोट वाजायचं. मुंबईहून एडन आणि तिथून सुएझ अशी समुद्राखालची तार १८७० साली पडली होती, हे ते मुलांना अभिमानाने सांगत, जणू स्वतः टाकली. (तांबड्या समुद्राच्या त्याच वाटेने आज इंटरनेटच्या केबली जातात. २०२४च्या फेब्रुवारीत त्यातल्या काही तुटल्या तेव्हा आम्हाला पणजोबांची आठवण आली.)

१९६९ साली पणजोबा ठाण्यात वारले. आत्याआजीला तेव्हा नववा महिना होता. तार करायची की नाही यावर घरात खल झाला. आपल्या सर्वच मराठी घरांत तार म्हटलं की लोक आधी रडायला लागत आणि मग लिफाफा फोडत. आजोबांनी ठरवलं, तार करायची नाही. जन्मभर लोकांच्या तारा पोचवलेल्या माणसाच्या जाण्याची तार गेली नाही.

नवव्या दिवशी दिमोनात आत्याआजीला मुलगा झाला. तिच्या नवऱ्याने मात्र तार केली. शब्दागणिक पैसे, म्हणून चारच शब्द: सन बॉर्न बोथ वेल. ती ठाण्याच्या घरात पोचली तेव्हा सात दिवस बसून नुकतेच सगळे उठले होते. पणजीला ती वाचून दाखवली. ती काय म्हणाली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आजोबांनी पत्र लिहिलं ते एकविसाव्या दिवशी. पोचलं छत्तिसाव्या. जिन्याखालच्या टपालपेटीतून आत्याआजीने ते काढलं, कडेवर महिन्याचंही न झालेलं बाळ. तिने आशीर्वादानंतरची ओळ शोधली. तिथे लिहिलं होतं, "तुझी प्रकृती आता सावरली असेल असे समजून कळवीत आहे."

इथे आपल्या धर्मातला एक नियम ठाऊक असायला हवा. आईबाप, भावंडं, नवराबायको, मूल यांच्यापैकी कुणी गेल्याची बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर ती 'श्मुआ क्रोवा', जवळची बातमी. मग ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून पुरे सात दिवस जमिनीवर बसायचं. तीस दिवस उलटून कळली तर ती 'श्मुआ रेहोका', दूरची बातमी. तिला एकच तास. आईबापांसाठी वर्षभराचे बाकीचे निर्बंध राहतात, पण बसणं एक तास. हा नियम झाला तेव्हा बातम्या उंटावरून आणि गलबतातून यायच्या. दिमोनात १९६९ साली तो जसाच्या तसा लागू पडला.

आत्याआजीच्या नवऱ्याने कॅलेंडर काढून दिवस मोजले. मग हाजानकडे जाऊन पुन्हा मोजून घेतले. छत्तीस. शेजारची एक रेवदंड्याची बाई आली आणि वरच्या मजल्यावरची मोरोक्कोची. आत्याआजीने चपला काढल्या, जमिनीवर बसली. वीस मिनिटांनी बाळ रडलं, त्याला तिथेच बसून पाजलं. भिंतीवरच्या घड्याळात तास झाला. बायका उठल्या.

"मग?" आम्ही विचारलं.

"मग काय, भात लावला," ती म्हणाली.

आपल्याकडे पूर्वी अशुभाचं पत्र वाचलं की फाडून टाकत, घरात ठेवत नसत. हे तिने ठेवलं. बाकीच्या पत्रांना दोरा बांधलेला आहे, हे एक सुटं, डब्याच्या तळाशी.

आजोबांनी मुद्दाम तीस दिवस जाऊ दिले का? आत्याआजीला वाटतं, हो. भावाला नियम माहीत होता. ओल्या बाळंतिणीला सात दिवस जमिनीवर बसावं लागू नये म्हणून त्याने हिशेब केला. आईला हे पटत नाही. ती म्हणते, बाबांना हिशेब-बिशेब काही सुचलं नसेल, त्यांना कागदावर ते वाक्यच लिहवलं नसेल. आजोबांना विचारता आलं असतं, पण ते २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले.

तेव्हाची गोष्ट अशी. पहाटे ठाण्याच्या हॉस्पिटलातून मामाला फोन आला. मामाने आईला फोन करायच्या आत कुणीतरी लांबच्या नातेवाइकाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकली, खाली दोन हात जोडलेले. आई ठरवत होती की स्वतः दिमोनाला जावं, आत्यासमोर बसावं, हात धरून सांगावं. आत्याआजीचा फोन तिच्या नातवाच्या हातात होता. त्याने मराठी वाचता येत नसूनही आजोबांचा फोटो आणि ते हात बघितले आणि ओळखलं. आई बसमध्ये असतानाच तिकडे कळलेलं होतं.

त्याच दुपारी ठाण्याच्या कब्रस्तानातून मामाने व्हिडिओ कॉल लावला. मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, वाऱ्याने आवाज तुटतोय. दिमोनात आत्याआजीने भावाची माती पाहिली. जाता येणं शक्यच नव्हतं. पण यावेळी बातमी जवळची होती. आई आणि आत्याआजी, दोघी पुरे सात दिवस एका घरात बसल्या. लोक येत होते, ठाण्याच्या गोष्टी निघत होत्या, शाआर हाशामाइमच्या बाकांपर्यंत सगळं. पाचव्या दिवशी आत्याआजी म्हणाली, "बाबांसाठी बसायचं राहिलं होतं, तेही यातच बसून घेतलं."

आमच्यात यावर एकमत नाही. थोरलीचं म्हणणं, फोनने आत्याआजीला सात दिवस मिळवून दिले, ही मोठीच गोष्ट. धाकटी म्हणते, आजोबांकडे बातमी धरून ठेवायची जी सत्ता होती ती आता कुणाकडेच नाही. सांगणाऱ्याला वेळ निवडता येत नाही, शब्दही निवडता येत नाहीत, दोन हात पोचतात. आम्ही दोघी यावर बेर-शेव्याच्या बसस्टॉपवर भांडलो आहोत.

उशीर काही नेहमी दयाळू नव्हता, हेही आहे. १९७३ साली दारफाळणीच्या सणाला दुपारी दोन वाजता भोंगे वाजले. त्या दिवशी इथला रेडिओ बंद असतो. तो अचानक सुरू झाला आणि राखीव सैनिकांना बोलावण्याचे सांकेतिक शब्द सांगू लागला. आत्याआजीचा नवरा गेला. ठाण्याला वर्तमानपत्रात युद्धाच्या बातम्या रोज, आणि घरच्या माणसाबद्दल आठवड्यांमागून आठवडे काही नाही. त्या हिवाळ्यातल्या आजोबांच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे.

२०२३च्या ७ ऑक्टोबरला उलटं झालं. शब्बाथ आणि सिमहाथ तोरा एकाच दिवशी, म्हणून आत्याआजीकडचे सगळे फोन बंद. ठाण्याच्या मामाने टीव्हीवर आमच्या आधी पाहिलं. इथले लोक भोंगा झाला की आत, थांबला की बाहेर, नेमकं काय चाललंय ते धड ठाऊक नाही. रात्री शब्बाथ उतरल्यावर आत्याआजीच्या मुलाने फोन लावला तर मामाचे एकट्याचे चाळीसच्या वर मिस्ड कॉल. मामा पहिलं वाक्य जे बोलला ते म्हणजे, "सर्व खुशाल ना?"

पत्रांनंतरचा काळ भराभर सांगतो. आत्याआजीच्या घरी टेलिफोन अर्ज केल्यावर काही वर्षांनी आला. ठाण्यात आजोबांकडे त्याच्याही नंतर. तोवर शेजाऱ्यांचा नंबर, पी. पी. लिहून दिलेला. कॉल बुक करायचा, लागला की शेजारचा मुलगा धावत बोलवायला यायचा, आणि तीन मिनिटांतला एक मिनिट "ऐकू येतंय का" यात जायचा. पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी-आयएसडीची दुकानं झाली. डोळ्यांसमोर मीटर पळायचं, म्हणून रडायचंही भराभर. १९९२च्या जानेवारीत दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि जाणं-येणं वाढलं, तशी पत्रं पातळ होत गेली. डब्यातलं शेवटचं पत्र १९९६चं. योगायोग असा की त्याच वर्षी इस्राएली पोरांनी आयसीक्यू काढलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी हर्झलियाच्या व्होकलटेक कंपनीने इंटरनेटवरून बोलायचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. कॉलेजात याबद्दल छाती फुगवून शिकवतात. आई लग्नाआधी ठाण्याच्या सायबर कॅफेत ताशी पैसे भरून दिमोनाच्या आतेभावाशी आयसीक्यूवर गप्पा मारायची, मराठी पण इंग्रजी अक्षरांत. त्यातलं एक अक्षर उरलेलं नाही. आयसीक्यूही २०२४च्या जूनमध्ये बंद झालं. भारतातली तार त्याआधीच, २०१३च्या जुलैत. आजोबांनी ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि ताटाच्या कडेवर बोट वाजवलं होतं.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं: कॅसेट. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. २१२ पत्रांत ती फक्त "आईने सांगितले आहे" एवढ्यापुरती आहे, मुलाच्या अक्षरात. १९८०च्या सुमाराला कुणी इस्राएलला निघालं की त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रित कॅसेट जाऊ लागली. आमच्याकडे तशा तीन सापडल्या. पहिल्या कॅसेटवर पणजी चाळीस मिनिटं एकटी बोलते. मागे कावळा, कुकरची शिट्टी, कुणीतरी "हळू बोल" म्हणतंय. मलिद्याच्या पोह्यांत यंदा नारळ कमी पडला, हे सांगते. लेकीला रागावते की तू दोन महिने पत्र टाकलं नाहीस. शेवटी विचारते, "ऐकतेस ना गं?" आणि उत्तरासाठी थांबते. टेपवर तेवढी जागा रिकामी आहे, फक्त कावळा.

आमची दिमोनातली भावंडं आज पणजीच्या जागी आहेत, असं आम्हाला ती कॅसेट ऐकताना वाटलं. त्यांना मराठी बोललेलं कळतं, थोडं बोलतातही, पण वाचता येत नाही. एक जण हिब्रू अक्षरांत मराठी लिहून पाठवतो. त्यात भ नाही, घ नाही, ळ नाही, आणि हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत. तेव्हा त्याने तेल मागितलं की टाळ हे संदर्भावरून ठरवायचं. म्हणून तो मायक्रोफोनचं बटण दाबून बोलतो. पणजीने केलं तेच.

त्यावरूनच आम्ही सध्या एक काम करतोय. आत्याआजीची नजर आता अक्षरांवर ठरत नाही. स्वतःची पत्रं तिला स्वतःला वाचता येत नाहीत. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी, आम्ही एक पत्र मोठ्याने वाचतो आणि त्याचा आवाज घरच्या ग्रुपवर टाकतो. आधी मराठीत जसंच्या तसं, मग हिब्रूत थोडक्यात. आतापर्यंत ६१ झाली. भावंडं ऐकतात, काही जण फक्त हिब्रू ऐकतात, ते आम्हाला दिसतं. तळाचं सुटं पत्र आम्ही वाचलं नाही. आत्याआजी म्हणाली, ते ग्रुपवर नको.

तिने ठाण्याला लिहिलेली पत्रं मात्र नाहीत. ती आजोबांच्या पलंगाखालच्या पेटीत होती आणि २६ जुलै २००५च्या पुरात गेली. त्यामुळे आमच्याकडे अर्धंच बोलणं आहे. आजोबा १९७१च्या पावसाळ्यात लिहितात, "तू विचारलेस ते मी आईला अजून सांगितलेले नाही." काय विचारलं होतं, ते आत्याआजीला आठवत नाही. किंवा आठवतं आणि सांगत नाही.

ज्यांच्या घरी अशी पत्रं असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एअरोग्राम उघडताना घडी ओढू नका, डिंकाजवळचा मजकूर फाटतो. चाकूचं पातं आडवं सरकवा. आणि फोटो काढताना बाहेरचा पत्ता लिहिलेली बाजूही घ्या, तारखेचा शिक्का बहुधा तिथेच असतो. आम्ही पंधरा पत्रांची वर्षं त्यावरूनच लावली. कॅसेट असेल तर वाजवण्याआधी पेन्सिल घालून हाताने एकदा फिरवून पाहा, अडकत नाही ना.

येत्या शुक्रवारी बासष्टावं आहे. कोपरा कसरीने खाल्लाय, पण "लोणच्याला" एवढं दिसतंय.